रिपोर्ट बिघडल्याचे पेढे

।। श्री अंबाबाई प्रसन्न ।।

तीर्थरूप धोंडुआक्का हिच्या पायांवर धाकट्या शालूचं डोकं. (गुडघे वाकत नाहीत म्हणून हे डोकं सध्या जेवणाच्या टेबलावरच टेकवलंय, तरी ते नेसरीला तुझ्या पायांशी पोचलं असं समज.) तुझी तब्येत कशी आहे? ऑपरेशन झालेल्या डोळ्यात थेंब घालतेस का, का बाटली फळीवर ठेवून त्याच डोळ्यानं तिच्याकडं नुसतीच बघत बसतेस? सुनेशी बोलणं सुरू झालं का, दारातल्या फणसाला यंदा किती लागलेत, सगळं लिही. इकडं राजारामपुरीत आम्ही सगळे खुशाल आहोत. खुशाल म्हणजे नेमकं किती, तेच सांगायला हे पत्र लिहायला घेतलंय. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि तुला ऐकू जाईल एवढं बोलले की आख्ख्या अपार्टमेंटला ऐकू जातं. आणि हे सगळ्यांना ऐकू जावं असलं न्हाई.

तर आक्का, आधी आनंदाची बातमी. माझा रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. लई म्हणजे लईच वाईट. जो आकडा चार-पाचाच्या आत पाहिजे, तो चव्वेचाळीस! शेजारी इंग्रजीतलं एच अक्षर, तेही ठळक. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, अमरच्या दहावीच्या निकालाला सुद्धा मी एवढी हरखले नव्हते. (त्या निकालात हरखण्यासारखं काही नव्हतंच, ते सोड.) तशीच खाली उतरले, कोपऱ्यावरनं पावशेर पेढे घेतले आणि रक्त काढणाऱ्या त्या लॅबमधल्या पोरीच्या हातावर पहिला पेढा ठेवला. ती बिचारी गडबडली. म्हणाली, "आज्जी, तुम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही का? रिपोर्ट चांगला नाहीये." मी म्हटलं, "म्हणूनच तर बाई, खा की." तिनं पेढा खाल्ला, पण माझ्याकडं बघत बघत खाल्ला.

आता तू म्हणशील शालूच्या डोक्याचं काहीतरी झालं. आक्का, गेले तीन-चार महिने मी मनात तेच म्हणत होते. माझ्या डोक्याचं काहीतरी झालं, आईसारखं झालं, ही भीती पोटात घेऊन मी एवढे दिवस काढले आणि घरात कुणाला बोलले नाही. आणि आता हा कागद म्हणतोय की बाई, तुझं डोकं न्हाई, तुझा गळा बिघडलाय. मग पेढे नको वाटू व्हय?

पहिल्यापासून सांगते. मला थायरॉईड निघाला ते तुला ठाऊक आहे. पण तो असतो काय, ते मला दोन वर्षं कुणी धड सांगितलं नाही. आमची अनुजा कॉलेजात शिकते, नात असली तरी माझी मास्तरीणच, तिनं फोनवर चित्र दाखवलं, गळ्यात फुलपाखरासारखी ग्रंथी आणि डोक्यात दुसरी वाटाण्याएवढी. म्हणाली, आज्जी, आकडा वाढला की थायरॉईड कमी. मी म्हटलं, वाढला की कमी कसा? ती म्हणाली, तसंच असतं. असं तीनदा झालं आणि ती क्लासला निघून गेली. मग मी भाजी निवडत माझं मीच बसवलं. बघ हं. गळ्यातली ग्रंथी म्हणजे सून. सगळ्या अंगाचं काम तिच्या हातात, चूल पेटती ठेवायची, पोट साफ ठेवायचं, डोकं चालतं ठेवायचं. डोक्यातली ग्रंथी म्हणजे सासू. ती स्वतः काडी इकडची तिकडं करत नाही, नुसती वरनं हाका मारते. सून कामात ढिली पडली की सासूचा आवाज वाढतो. रिपोर्टात जो टीएसएच म्हणून आकडा येतो ना, तो म्हणजे सासूचं ओरडणं. म्हणून आकडा मोठा की समजायचं, सून निजलीय. आणि आपण जी गोळी घेतो ती सुनेच्या हाताखाली ठेवलेली बाई. हे मी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या, की आता हे सगळ्या पेशंटांना सांगणार म्हणाल्या. आमची सून संयोगिता शेजारीच बसलेली होती. तिनं तेवढा वेळ छताकडं बघितलं.

गोळी सुरू झाल्यावर आकडा उतरला. गेल्या दिवाळीच्या आधी रिपोर्ट आला तो नॉर्मल. अनुजानं तो घरातल्या ग्रुपवर टाकला, पुण्या-मुंबईच्या सगळ्यांनी अंगठे दाखवले. आणि आक्का, इथंच घात झाला. कारण त्या दिवसापासनं मला दुखायची बंदी झाली. पाय ओढतात म्हटलं की, आई रिपोर्ट नॉर्मल हाय. दम लागतो म्हटलं की, आई रिपोर्ट नॉर्मल हाय. सगळी नॉर्मल होती, मी सोडून. डॉक्टरीणबाईंनी खरं तर तेव्हाच सांगितलं होतं, आकडा आधी सुधारतो, माणूस मागनं येतो, तीन-चार महिन्यांनी परत तपासायला या. पण नॉर्मल आल्यावर पुन्हा कोण जातंय? अमरनं एकच सांगितलं, "आई, तू बसून बसून आखडलीयास. सकाळी फिरायला जा."

गेले की. मुलानं कधी नव्हे ते काहीतरी सांगितलं म्हणून रोज उजाडायला फिरायला जायला लागले. आमच्या मागच्या रस्त्याला पिराजी गवळ्याचा दुधाचा कट्टा आहे, गंगावेशीसारखा मोठा नव्हे, आपला दोन म्हशींचा. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की पिराजी म्हशीखाली बसतो आणि धार काढून ग्लास हातात देतो. वर बोटभर फेस, ग्लास कोमट. आक्का, त्या वासानं मला एकदम आपल्या गोठ्यात गेल्यासारखं झालं. तेव्हापासनं माझा नेम पडला, फिरायचं, कट्ट्यावर टेकायचं, पदराच्या गाठीतली गोळी काढायची, आणि ग्लासभर धारोष्ण दुधाबरोबर घ्यायची. उपाशीपोटी घ्या म्हणून सांगितलेलं, मी अगदी उपाशीपोटी घेत होते. शेजारी पाच-सहा पैलवान पोरं ग्लास रिचवत उभी असायची, त्यांच्यात मी. मला वाटायचं, आता महिन्याभरात मी पण दंड थोपटणार.

आणि झालं उलटंच. संक्रांतीनंतर मी खचतच गेले. थंडी वाजायला लागली ती जाईनाच. चैत्र संपला, घरात पंखे गरागरा फिरायला लागले आणि मी स्वेटर घालून बसलेली. तोंड सुजलं. आवाज असा घोगरा झाला की गॅसवाल्यानं फोनवर मला "काका" म्हटलं. केस मूठमूठ गळायला लागले. हे सगळं मी सोसलं असतं गं. पण विसरायला लागले. चहात साखर दोनदा. तिसऱ्यांदा मीठ. संयोगिताला हाक मारायला तोंड उघडायचं आणि नाव यायचंच नाही, नुसतंच "अगं ही, ही" करत उभी. ती म्हणायची, असू दे, आत्या. (भावाची मुलगी नव्हे ती, पण मला आत्याच म्हणते, त्यांच्याकडची पद्धत.) तिला ते असू दे वाटायचं. मला आई दिसायची.

तुझं सासर-माहेर एका गावात, म्हणून आईचं तू रोज बघितलंस. मी सणावारी यायची, मला तुकडे तुकडे दिसलं. शेवटल्या खेपेला मी दारात पिशवी ठेवली आणि आईनं माझ्याकडं हसून बघितलं, लई छान हसली, आणि म्हणाली, "पावणं, कुठनं आलासा?" मी तोंड धुवायच्या निमित्तानं मागच्या दारी गेलते, तुला आठवत असेल. तेव्हा रिपोर्ट-बिपोर्ट काही नव्हतं. आता माझा रिपोर्ट होता, आणि तो नॉर्मल होता. मग राहिलं काय? थायरॉईड बरा आहे, म्हणजे जे होतंय ते दुसरं होतंय. मला त्या नॉर्मलची भीती बसली. रोज केस विंचरताना मी आपल्या गोठ्यातल्या म्हशींची नावं घ्यायची, चंद्री, भोरी, मोरी, शिंगाळी, आणि एक दिवस शिंगाळीच्या पुढं गाडी सरकेना. त्या दिवशी मी जेवले नाही. उपास आहे म्हणून सांगितलं. कसला उपास, ते कुणी विचारलं नाही, हे बरं झालं, मला सांगता आलं नसतं.

मग ते गौसभाईंच्या घरचं प्रकरण झालं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, गौसभाई आणि रशिदा दुसऱ्यावर, दार सारखं, पायपुसणं सारखं. मी कट्ट्यावरनं आले, जिने चढता चढता दम संपला, आणि दार उघडं दिसलं तशी आत जाऊन कोचावर बसले. गौसभाई टीव्हीला बातम्या बघत होते, पाठमोरे. मी म्हटलं, अमर, तो आवाज बारीक कर, आणि वयानं टक्कल पडायला लागलंय तर रोज तेल तरी लाव जरा. त्यांनी मुकाट्यानं आवाज बारीक केला. रशिदा आतनं आली, तिनं पाणी दिलं. मी तिला म्हटलं, कोचाला हे नवीन अभ्रे कधी घातलेस, चांगले दिसतात. ती म्हणाली, "ईदला घातले, आज्जी." तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही बघ. चहा पिऊन झाल्यावर भिंतीवर ह्यांचा फोटो दिसेना, तेव्हा मी घाबरून ओरडले, ह्यांचा फोटो कुठं गेला? रशिदा शेजारी बसली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "आज्जी, फोटो वरच्या मजल्यावर हाय. चला, मी येते." आमच्या दारात ती संयोगिताला हळूच म्हणाली, "भाभी, यांना दाखवा. तोंड बघा कसं सुजलंय." मागनं गौसभाई खालनं ओरडून म्हणाले, "तेलाचं लक्षात ठेवतो, आज्जी!" सगळे हसले. मी पण हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

अमर मला डोक्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. माणूस तरुण होता, बोलायला गोड. मला म्हणाला, आज वार कुठला? मी सांगितला. तिथी कुठली विचारा म्हटलं, तीही सांगते. तो म्हणाला, नको. मग म्हणाला, शंभरातनं सात वजा करत या. मी म्हटलं, साहेब, माझी शाळा चौथीत सुटली, मंडईत न्या आणि मेथीच्या भावावरनं भांडायला लावा, हिशोब बघा माझा. मग कागदावर घड्याळ काढायला लावलं. काढलं, आकडे सगळे आले, वर हौसेनं एक मोरही काढला. आणि शेवटी म्हणाला, मगाशी तीन गोष्टी लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या, सांगा बघू. आक्का, आंबा आला, खुर्ची आली, तिसरी येईना. त्याच्या टेबलाकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, अमरच्या तोंडाकडं बघितलं. अमर खाली बघत होता. पन्नाशीचा बाप्या माणूस, पण परीक्षेत आईला उत्तर सांगता येईना म्हणून पोरासारखा कावराबावरा झालेला. त्याचं ते तोंड बघून मी तिसरी गोष्ट शोधायचंच सोडून दिलं.

डॉक्टरांनी कागद बाजूला सारला. म्हणाले, डोक्याबद्दल मी आत्ताच काही बोलणार नाही, आधी ताजं रक्त तपासून आणा. अमर म्हणाला, थायरॉईड नॉर्मल हाय, साहेब. तर म्हणाले, कधीचा? दिवाळीच्या आधीचा. "अहो, तो रिपोर्ट त्या दिवसाचा झाला. आज कसं आहे ते रक्ताला आज विचारायला पाहिजे." आम्ही निघालो, रिक्षा उद्यमनगरापर्यंत आली, आणि मला एकदम आठवलं. रिक्षा फिरवायला लावली. रांग, नंबर, कंपाउंडर, कुणाला न जुमानता केबिनचं दार ढकललं आणि ओरडले, "नारळ!" आत कुठला तरी दुसरा पेशंट होता, तो दचकून उभाच राहिला. डॉक्टर म्हणाले, बरोबर, आज्जी, पण आता उशीर झाला. कसला उशीर ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी तीन दिवस त्या एका शब्दावर झोपले नाही.

तिसऱ्या दिवशी तो चव्वेचाळीस आला. आता तुला पेढ्यांचं कळलं असेल.

मग डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी कागद बघितला, मला बघितलं, गळा चाचपला. म्हणाल्या, गोळी चुकते का? मी ताठ बसले आणि म्हटलं, एक दिवस न्हाई. उपाशीपोटी? अगदी उपाशीपोटी. कशाबरोबर घेता? मी छाती काढून सांगितलं, म्हशीच्या धारोष्ण दुधाबरोबर. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, दूध त्या गोळीला पोटातच धरून ठेवतं, अंगाला लागू देत नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, मग तासभर चहा सुद्धा नाही, आणि दूध चार तासांनी. म्हणजे सहा महिने मी हाताखालची बाई दारापर्यंत आणत होते आणि दूध तिला परत पाठवत होतं. वर सासू ओरडून ओरडून चव्वेचाळीस झाली. बाईंनी विचारलं, हे सकाळी फिरायला जायचं कुणी काढलं? मी अमरकडं बोट केलं. (फिरणं चालू ठेवा म्हणाल्या, कट्टा संध्याकाळी.)

पिराजीला सांगितलं तर त्याला लागलं. म्हणाला, "आज्जी, आजवर माझ्या दुधात पाण्याचा थेंब कुणाला घावला न्हाई." मी म्हटलं, "बाबा, तिथंच घोटाळा झाला. मला नुसतं पाणीच पाहिजे हुतं."

आता दोन आठवडे झाले, पाण्याबरोबर घेते. पोट जरा हलकं आहे. स्वेटर दुपारी निघतो. पण विसरणं आहे तसंच आहे, आक्का. काल मोहरीची फोडणी केली आणि कशाला केली तेच आठवेना. बाई म्हणाल्या, गोळीचा डोस आत्ता वाढवायचा नाही, दोन महिन्यांनी परत रक्त बघू, कारण आकडा सावकाश उतरतो. (सून कामाला लागली तरी सासूला पटायला वेळ लागतोच.) मी विचारलं, आणि आकडा बरोबर आला तरी मी विसरतच राहिले तर? त्या म्हणाल्या, तर मग आपण पुन्हा डोक्याच्या डॉक्टरांना विचारू. गोडच बोलल्या. पण पेढे खाऊन झाल्यावर माझ्या तोंडात आता तेवढा एकच शब्द राहिलाय, "तर". चव्वेचाळीस होता तोवर माझ्याकडं कारण होतं. आषाढात आकडा सुधारेल, सगळे पुन्हा अंगठे दाखवतील, आणि माझं कारण जाईल.

बाकी सगळं ठीक. घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद सांग, सुनेला आधी सांग. तुझ्या पाठीवरची,
शालू

ता.क. : येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर थोडा घनसाळ तांदूळ पाठव. इथला तांदूळ शिजतो, पण वास येत नाही. का माझं नाकच गेलंय, ते अनुजाला विचारून कळवते.

पुन्हा ता.क. : वरचं वाचून काळजी करू नकोस. मी चांगली आहे. तुझा डोळा नुकता झालाय, एसटीत धक्के बसतात, तू यायची अजिबात गरज नाही.

पुन्हा एकदा ता.क. : ये. दुसऱ्या तपासणीच्या आधी महिनाभर येऊन माझ्याजवळ राहा. अमरला सांग, डोळा दाखवायला आलेय. त्या कागदावर आकड्याशेजारी किती ते किती पाहिजे ते छापलेलं असतं, पण ते सगळ्या जगाचं. माझं किती ते तुलाच ठाऊक. मला ह्या घरानं सून म्हणून बघितलं, आई म्हणून बघितलं, म्हणून त्यांना वाटतं मी आत्ता विसराळू झाले. तू मला परकरात बघितलीयस. मी शेतात भाकरी घेऊन गेले आणि द्यायची विसरून तशीच परत घेऊन आले, तेव्हा पाठीत बसला तो धपाटा तुझ्याच हातचा ना? तर जवळ बसून बघ, हे विसरणं ते आपलं जुनं शालूचं आहे, का आईचं. अमर मला सांगणार नाही, त्याचं तोंड मी बघितलंय. डॉक्टर गोडच बोलणार. तू मात्र कधी माझ्याशी गोड बोलली नाहीस, म्हणून तुला बोलावते. जे दिसेल ते तोंडावर सांग.